ब्लाऊज बसत नाही तेव्हा चुकतं कुठे: अंगात की कापणीत?

टाका_टिप

नमस्कार. मी घरी ब्लाऊज शिवून देते. येणाऱ्या बायका बहुतेक पस्तिशीच्या पुढच्या. कुणाचं बाळंतपण नुकतंच झालेलं, कुणाची पाळी जायची वेळ, कुणाचं थायरॉइडमुळे वजन वाढलेलं. माप द्यायला उभ्या राहिल्या की सुरुवात ठरलेली: "दंड बघा किती सुटलेत", "पाठ झाकेल असा शिवा", "माझं अंगच बेढब, तुम्ही तरी काय करणार". ब्लाऊज नीट बसला नाही तरी त्या कापणीला बोल लावत नाहीत, स्वतःच्या अंगालाच लावतात. हे मला अजिबात पटत नाही.

क्लासमध्ये शिकवतात ते सूत्र म्हणजे छातीच्या मापाचा चौथा हिस्सा अधिक दीड इंच, पुढे-मागे सारखंच. ३२ ते ३६ पर्यंत ते निभावतं. ३८ च्या पुढे मात्र हे होतं: हुकांमध्ये फट पडते आणि त्याच ब्लाऊजला खांद्यावर नि पाठीत झोळ असतो. खालची पट्टी वर चढून छातीवर येते. हात वर केला की सगळा ब्लाऊज वर. पुढचा गळा सुटतो. बाही दंडाला काचते.

आणखी एक. लग्न ठरलेल्या मुली म्हणतात, "दोन इंच कमीचा शिवा, तोवर मी बारीक होते." त्यांना काय सांगावं? जाणकारांनी नेमकं सांगा, इंचात सांगितलंत तर फार बरं.

कागदी_साचा

ताई, तुमच्या पाचपैकी तीन तक्रारींचं मूळ एकच आहे: छातीचं एकच माप घेणं.

छातीची तीन मापं घ्या. पहिलं काखेखालून, स्तनांच्या वरून आडवं. दुसरं भरीव भागावरून. तिसरं स्तनांच्या लगेच खाली, जिथे पट्टी बसते तिथे. दोघींची छाती ४० आहे असं धरा. एकीची वरची छाती ३६, दुसरीची साडेअडतीस. पहिलीची हाडापेराची चौकट लहान आहे आणि भर सगळा पुढे आहे. तिला ४० चा साचा लावला की खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतात ती खाच), पाठ सगळंच मोठं होतं, आणि पुढे मात्र कापड अपुरं पडतं. म्हणून हुकांत फट आणि पाठीत झोळ एकाच ब्लाऊजमध्ये दिसतात. दुसरीला तोच साचा ठीक बसतो.

पहिलीसाठी असं करा. वरच्या छातीत २ इंच मिळवा आणि येईल त्या आकड्याचा साचा काढा. ३६ अधिक २, म्हणजे ३८ चा. उरलेले २ इंच फक्त पुढच्या भागाला द्यायचे, एकेका बाजूला १ इंच. ते बाजूच्या शिवणीला वाढवून चालत नाही, जिथे उंचवटा आहे तिथेच द्यावे लागतात. त्यासाठी कागदी साच्यात खालच्या कडेपासून टक्स पॉइंटपर्यंत (टक्स म्हणजे आकार देणारी शिवलेली चिमटी, पॉइंट म्हणजे स्तनाचं टोक येतं ती जागा) सरळ छेद घ्या, तिथून वळून मुंढ्याच्या खालच्या भागापर्यंत न्या. मुंढ्याच्या कडेला अगदी थोडा कागद न कापता ठेवा, तो बिजागरीसारखा वळतो. दुसरा छेद बाजूच्या शिवणीकडून टक्स पॉइंटपर्यंत आडवा. आता काखेकडचा भाग १ इंच बाहेर सरकवा. उभ्या छेदात १ इंचाची जागा होते आणि बाजूला आपोआप एक नवा टक्स उघडतो. मधल्या बाजूचा, म्हणजे हुकपट्टीकडचा खालचा तुकडा तेवढाच खाली उतरवून कडा सरळ करा. खाली वाढलेला १ इंच खालच्या टक्समध्ये घ्या, म्हणजे पट्टीची रुंदी बदलत नाही.

ही उतरवलेली लांबी म्हणजेच तुमच्या "पट्टी वर चढते"चं उत्तर. भरीव छातीवरून जायला कापडाला जास्त अंतर लागतं. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून स्तनावरून पट्टीपर्यंत टेप सोडून माप घ्या. पाठीमागची उंची पाहून पुढची ठरवू नका.

टक्स पॉइंटची उंची प्रत्येकीची वेगळी. तरुण मुलीत खांद्यापासून साडेनऊ-दहा इंचांवर येतो, पन्नाशीत अकरा-बारावर असू शकतो. तो जिथे आहे तिथेच खुणा करा. "थोडा वर घेते, छान दिसेल" असं करून अर्धा-पाऊण इंच वर घेतला की पॉइंटच्या वर फुगवटा राहतो आणि खाली कापड ताणतं. टक्सचं टोक पॉइंटच्या आधी थांबवा: लहान छातीला अर्धा-पाऊण इंच आधी, भरीव छातीला एक ते सव्वा. १९५०-६० च्या दशकांत टोकदार आकाराची फॅशन होती, तेव्हा टक्स थेट पॉइंटपर्यंत नेत. आज फोमच्या कपाचा गोल आकार हवा असतो. दोन्ही शिंप्याच्या खडूने ठरलेले आकार आहेत. बाईचं अंग साठ सालीही तसं नव्हतं आणि आजही नाही. मापाला आलेल्या बाईशी बोलताना एवढं तरी मनात असावं.

कटोरी (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला ब्लाऊज) शिवत असाल तर वाढ कटोरीतच द्या. कटोरीची खालची कड १ इंच वाढवलीत की तिच्या टक्सची रुंदीही १ इंच वाढवा. पट्टीशी जुळणारी लांबी तीच राहते आणि खोली मिळते.

प्रिन्सेस_कट

वरच्या उत्तराशी सहमत, पण ४० च्या पुढे कटोरीपेक्षा मी प्रिन्सेस कट, म्हणजे पॉइंटवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीचा ब्लाऊज, सुचवेन. उभ्या शिवणीत हवं तिथे पाव-पाव इंच आत-बाहेर करता येतं, आणि पुढे वजन बदललं तर सहा ठिकाणी सोडायला वाव असतो. कटोरीत जोड जास्त आणि पातळ रेशमात ते उठून दिसतात.

आता बाही. "हात वर होत नाही" म्हटलं की बहुतेक जण मुंढा खाली खोल करतात. त्याने उलटंच होतं. मुंढा जितका खाली, तितका हाताबरोबर धडाचा भाग वर ओढला जातो. मुंढा काखेच्या खाली अर्धा ते पाऊण इंच, त्यापेक्षा खाली नको. बदल बाहीत करायचा. दंडघेर सर्वांत जाड जागी मोजा, हात सैल सोडून. त्यात सव्वा ते दीड इंच सैलपणा धरा. बाहीच्या वरच्या गोलव्याची उंची साडेतीन असेल तर तीनवर आणा आणि रुंदी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच वाढवा. मग गोलव्याची कड टेपने मोजा. ती मुंढ्याच्या घेरापेक्षा अर्धा इंचच जास्त हवी. त्याहून जास्त झाली तर खांद्यावर चुण्या पडतील. नुसती खालची मोहरी रुंद करून काचणं थांबत नाही, कारण काचते ती वर.

तयार ब्लाऊजची बाही काचत असेल तर काखेत उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेल्या) कापडाचा तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवा. चारही टोकांना शिलाई नेमकी टोकावर थांबवा, नाहीतर तिथे फाटतं.

गळा सुटतो त्याचं कारण बहुधा पुढचा आणि मागचा गळा दोन्ही रुंद ठेवलेले असतात. मागे नऊ-दहा इंच खोल हवा असेल तर पुढची रुंदी अर्धा इंच कमी करा. तरी सुटलाच तर साच्यावर गळ्याच्या कडेपासून पॉइंटकडे पाव इंचाची घडी घाला. तेवढं कापड खालच्या टक्समध्ये सरकतं.

हुक: पहिला हुक पॉइंटच्या रेषेवर बरोब्बर लावा, मग वर-खाली सव्वा इंचाच्या अंतराने. वरून मोजत आलात तर ती रेषा दोन हुकांच्या मध्ये येते आणि फट तिथेच पडते.

अंतर्वस्त्र_मापन

सगळ्याच्या आधी ब्रा बघा. ती चुकीची असेल तर वरचे सगळे आकडे फुकट. छातीखालचा पट्टा सैल आणि कप लहान, ही जोडी फार दिसते, कारण दुकानात "मोठं द्या" म्हटलं की पट्ट्याचा आकडा वाढवून देतात.

सेंटिमीटरमध्ये मोजणं सोपं जातं. स्तनांखालचा घेर श्वास सोडून, टेप घट्ट धरून घ्या. ७३ ते ७७ असेल तर ३४, ७८ ते ८२ असेल तर ३६, ८३ ते ८७ असेल तर ३८. मग भरीव भागावरचा घेर टेप न आवळता घ्या आणि दोन्हींतला फरक काढा. १२ ते १४ म्हणजे ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. खालचा घेर ७९ आणि वरचा ९६ असेल तर फरक १७, म्हणजे ३६ सी. कंपनीगणिक थोडं मागेपुढे होतं. ३६ सी चा पट्टा सैल वाटला तर ३४ डी घालून बघायची. कपात मावणारं आकारमान तेच असतं, पट्टा तेवढा घट्ट होतो.

नीट बसलेली ओळखायची कशी? मागचा पट्टा जमिनीला समांतर राहतो, पाठीवर वर चढत नाही. नवीन ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसायला हवी. इलॅस्टिक सैल होत जाईल तसं आतल्या हुकांवर यायचं. खांद्यावर लाल खाचा पडत असतील तर सगळं वजन खांद्यावरच्या पट्ट्यांवर आलेलं असतं, ते छातीखालच्या घेराने पेलायला हवं. डी कप म्हटलं की बायका दचकतात, जणू काही जगावेगळं माप. तो दोन घेरांतल्या फरकाचा आकडा आहे, एवढंच.

एक स्तन दुसऱ्यापेक्षा मोठा असणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्या बाजूच्या मापाने कापा. दुसऱ्या बाजूला पातळ पॅड हवं का, हे विचारा. न विचारता घालू नका.

ब्लाऊजमध्येच कप शिवून देणार असाल तर ब्लाऊज अंगावर असताना टाचणीने जागा धरा आणि मगच शिवा. टेबलावर बसवलेले कप हमखास बाहेरच्या बाजूला जातात.

खण_काठ

लग्नाच्या मुलींबद्दल. आजच्या मापाचा ब्लाऊज शिवा, पुढच्या महिन्यातल्या मापाचा नाही. यात शिंप्याचं व्यावहारिक कारण आहे, तेच सांगा: मोठा ब्लाऊज आत घेता येतो, रेशमी लहान ब्लाऊज उसवून सोडला की जुन्या शिलाईची भोकं दिसतात आणि जरीचे धागे तुटतात. पहिली ट्रायल महिनाभर आधी, शेवटची आठ-दहा दिवस आधी, बाजूच्या शिवणी तोवर लांब टाक्यावर ठेवायच्या. दोन इंच कमीचा ब्लाऊज कपाटात टांगून मुलगी महिनाभर उपाशी राहते, हळदीच्या दिवशी तो तरीही लागत नाही, आणि मग सगळा दिवस श्वास कोंडून उभी. त्यात शिंप्याने भागीदार होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बाजूला माया (शिवणीत आत ठेवलेलं जादा कापड) दीड इंच ठेवा, चारही कडांना. अर्धा इंच शिल्लक ठेवून सोडलीत तर घेर ४ इंच वाढतो. पण बाहीच्या खालच्या शिवणीलाही तितकीच माया हवी. धडाला माया आणि बाहीला नाही, असे ब्लाऊज ढिगाने येतात आणि ते सोडताच येत नाहीत.

कापडाचंही सांगते. साडीतला ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटर असतो. ४० च्या पुढे कोपरापर्यंत बाही हवी असेल तर त्यात भागत नाही. मग "तुम्हाला पुरत नाही" असं म्हणू नका. कापड अपुरं आहे. पाठीला किंवा पट्टीला आतून मिळतंजुळतं टू बाय टू जोडा, पदराखाली जातं. अस्तर सुती घ्या आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. अस्तर आटलं की चांगला ब्लाऊजही आक्रसतो आणि बाईला वाटतं आपणच फुगलो.

पूर्वीची खणाची, पुढे गाठ मारायची चोळी अंगाबरोबर सैल-घट्ट होत असे. बाळंतपण झालं, गाठ जरा खाली-वर. हुक, अस्तर आणि टक्स आले तसं कापड ताठ झालं आणि अंगाने त्याच्यात मावायचं असं ठरलं. तयार कपड्यांच्या आकड्यांचं तर आणखी अवघड. ते बऱ्याच अंशी परदेशी तक्त्यांवरून घेतलेले आहेत, म्हणूनच निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) भारतीय अंगांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. एका ब्रँडचं एल दुसऱ्याचं एक्सएल, त्यावरून स्वतःला तोलायचं कशाला?

टाका_टिप

खूप खूप आभार सगळ्यांचे. मुंढ्याचं तर डोळे उघडणारं आहे. अजून एक विचारायचं आहे. एका बाईंचं डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, स्तन पूर्ण काढलाय. त्यांना साध्या सुती साड्यांवर ब्लाऊज हवेत. कसं मोजू, काय विचारू? त्या फार अवघडून बोलत होत्या.

पट्टी_आणि_पट्टा

नर्सिंगमध्ये आहे, अशा रुग्णांसोबत काम असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एकच प्रश्न विचारा: "ब्लाऊजमध्ये दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, की त्या बाजूला काही नको?" अनेकींना सपाटच राहायचं असतं आणि ते पूर्ण योग्य आहे. उत्तर मिळालं की त्यावर टिप्पणी नको.

सारखं हवं असेल तर त्या जे वापरणार ते घालूनच माप घ्या. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वजनदार असतो आणि जागेवर राहतो. तो जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचा. रेडिएशन झालं असेल तर आणखी थांबावं लागतं. सुती दोऱ्याचे विणलेले, आत पॉलिस्टर भरलेले हलके प्रकारही मिळतात. ते धुता येतात आणि उकाड्यात बरे, पण हलके असल्याने वर सरकतात. म्हणून ब्राच्या आतून होजिअरी कापडाचा खिसा शिवा, काखेकडे साडेतीन-चार इंचांचं तोंड ठेवून. खिसा ब्लाऊजपेक्षा ब्रामध्येच बरा, ब्लाऊज जरा सैल पडला तर आतला भार खाली येतो.

सपाट ठेवायचं असेल तर दोन्ही पुढचे भाग घडीवर एकत्र कापू नका. मधल्या रेषेपासून बाजूच्या शिवणीपर्यंत डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं मोजा. खांद्यापासून पट्टीपर्यंतची लांबीही दोन्हीकडे वेगळी येते. ऑपरेशनच्या बाजूला ती इंच-दीड इंच कमी असते, कारण कापडाला उंचवट्यावरून जायचं नसतं. त्या बाजूला टक्स घालू नका. हे केलं नाही तर तिथे पोकळ पिशवी राहते आणि त्या दिवसभर पदर सारखा करत बसतात.

गळा पुढून एक इंच वर घ्या, वाकल्यावर व्रण दिसत नाही. व्रण बहुधा काखेकडे जातो, त्यावर शिवण किंवा ओव्हरलॉकची कड येऊ देऊ नका. बाजूची शिवण अर्धा-पाऊण इंच मागे सरकवा आणि अस्तराच्या कडा आत बंद करा. हुक पुढेच हवेत. हात पूर्ण वर किंवा मागे जात नसेल तर मागच्या हुकांचा ब्लाऊज त्यांना एकटीने घालता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचं हाताचं. काखेतल्या लिम्फ गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची शक्यता कायम राहते. दोन्ही दंड वेगवेगळे मोजा, शक्यतो संध्याकाळी. त्या बाजूच्या बाहीत दोन इंच सैलपणा द्या. मोहरीला इलॅस्टिक नको, घट्ट काठ नको. डाव्या-उजव्या बाहीचा घेर वेगळा ठेवला तरी काठाची रुंदी सारखी ठेवली की फरक कुणाच्या लक्षात येत नाही. हात पूर्वीपेक्षा जड, ताठ किंवा सुजलेला वाटला तर त्यांना लगेच डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगा. बाही सैल करून द्या, पण तेवढ्यावर थांबू नका.

माप घेताना पडदा लावा, समोर उभं न राहता बाजूने टेप फिरवा, हात लावण्याआधी सांगा. आकडे मोठ्याने उच्चारू नका, वहीत लिहा. हे खरं तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करावं.

कागदी_साचा

यात थोडी भर. या बाईंचा पहिला ब्लाऊज थेट साडीच्या कापडाचा नको. मीटरभर मांजरपाट घ्या, अस्तर-पट्टी काही न लावता लांब टाक्याने शिवा. अंगावर चढवून त्यांना पाच गोष्टी करायला सांगा: खुर्चीत बसणं, दोन्ही हात वर, पुढे वाकणं, वेणी घालतो तसे हात मागे, खोल श्वास. बसल्यावर पट्टीचा घेर इंचभर वाढतो, तिथे वळी पडून काचत असेल तर पट्टी तेवढी सैल करा आणि ब्लाऊजची उंची अर्धा-एक इंच कमी-जास्त करून कड वळीवरून हलवा. काखेकडून छातीकडे तिरक्या रेषा ओढल्या गेल्या तर पुढे रुंदी कमी आहे. पॉइंटच्या वर पोकळी असेल तर टक्स खाली घ्या. पाठीच्या मधोमध आडवी घडी पडत असेल तर पाठीची लांबी जास्त झाली.

खुणा मांजरपाटावरच पेनाने करा, मग ते उसवून त्यावरून कागद कापा. कागदावर नाव, तारीख आणि कोणत्या ब्रावर माप घेतलं ते लिहा. या बाईंचा कागद डावा-उजवा असे दोन वेगळे तुकडे ठेवा आणि दर सहा महिन्यांनी दंड पुन्हा मोजा.